गाऱ्हाण्यातली गाळलेली जागा

“नाव सांगा! अहो, नाव! ना-व! मॅडम विचारतायत ना? आपलं नाव काय आहे? बोला!”

सुलोचनावहिनी अशा काही ओरडल्या की समोरच्या किल्ल्यावरचे कावळे उडाले आणि बंदरात नांगरलेल्या होड्यांनी तोंडं फिरवली. माझी खोली मालवणात, जाळ्यांच्या दुकानाच्या माडीवर. खालून दुकानदार वसंता धापा टाकत वर आला, अर्धवट शिवलेलं जाळं हातात तसंच.

“कोण कोणाक मारता गो बाय?”

“कोणी नाही रे,” मी म्हटलं. “बोलायला शिकवतेय.”

“अशा होय? माका वाटला, कोणतरी मेलो.”

ज्यांच्यासाठी हा गजर चालला होता ते गृहस्थ खुर्चीत ताठ बसले होते. पिळदार मिशा. उजवा हात मांडीवर टाकलेला, कुणाचा तरी विसरलेला टॉवेल असावा तसा. त्यांच्या कानांना काहीही झालेलं नव्हतं. झालं असतं तर बरं होतं, असं त्यांच्या डोळ्यांत स्वच्छ दिसत होतं. त्यांनी तोंड उघडलं, जबडा हलवला, कपाळावर घाम आणला आणि म्हणाले,

“कायता.”

कायता म्हणजे आमच्या मालवणीत ‘आपलं ते हे’. एखाद्या गोष्टीचं नाव आठवेना की तिथे दडपून द्यायचा शब्द. मेंदूला झटका आल्यापासून ह्या माणसाजवळ एवढा एकच शब्द उरला होता. पाणी हवं, कायता. ऊन लागतंय, कायता. ह्या बाईला कुणीतरी गप्प करा, कायता.

“नाव काय ह्यांचं?” मी वहिनींनाच विचारलं.

वहिनींनी पदर ओठांवर घेतला. नवऱ्याचं नाव कसं घेणार? मघापासून ज्या नावासाठी त्यांनी बंदर हादरवलं होतं ते त्यांच्या स्वतःच्या तोंडून जन्मात निघणार नव्हतं. खोलीत नवराबायको दोघं, आणि नाव सांगता येणारं कुणीच नाही! शेवटी वसंताच मदतीला आला.

“बाबल गावकर, बाय. ह्येंका कोण वळखणा नाय? गाऱ्हाणा घालणारे!”

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

ज्यांना आमच्याकडचं ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे उभं राहून गावाच्या वतीनं खणखणीत आवाजात केलेली मागणी. ती कुणीही करायची नसते. मानाच्या घरातला माणूस ती करतो. त्यानं एकेक मागणं मांडायचं आणि तो थांबला की जमलेल्या गावानं ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. बाबल गावकरांचा आवाज म्हणजे काय विचारता! त्यांनी ‘बा देवा म्हाराजा’ म्हटलं की देव दचकून जागा व्हायचा, पलीकडच्या गावचा देवही कूस बदलायचा आणि तिथल्या लोकांची गाऱ्हाणी फुकटात उरकायची. हे मी वाढवून सांगत असेन तर अगदी थोडंसं.

आणि जत्रा दिवाळीनंतर होती. बाबलना मुलगा नाही. मुलगी मुंबईला. चुलतभाऊ दाजी गाऱ्हाणं तोंडपाठ करून तयार होता. “ह्या वर्सा मी घालतंय, पुढच्या वर्सा बगूया,” असं तो म्हणाला होता. पण एकदा त्या घरात गेलेला मान परत येत नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. वहिनी ओरडत होत्या त्या नवऱ्यावर नव्हे, त्या जत्रेवर.

आता माझ्या धंद्याबद्दल. कागदावर मी वाचा-उपचार करते. इथे मला ‘बोलूक शिकवणारी बाय’ म्हणतात. आठवड्यातला एक दिवस ओरोसला, एक तळेऱ्याला, बाकीचे ह्या माडीवर. इतकी वर्षं एसटीच्या मागच्या सीटवर हाडं खिळखिळी करून घेतली, की आता जिना चढताना मीच ‘कायता, कायता’ करते. लोकांना वाटतं मी बोलायला शिकवते. खोटं आहे. सगळी हयात मी लोकांना गप्प बसायला सांगण्यात घालवली. पेशंट एक असतो, त्याच्या वतीनं बोलणारे दहा. मी विचारते, “काय खाल्लंत?” पेशंट तोंड उघडेपर्यंत बायको सांगते पेज, भाऊ सांगतो भाकरी, आणि बरोबर आलेला रिक्षावाला सांगतो की ह्यांना पित्त होतं.

त्यात आमच्या भाषा. आमचा माणूस घरात मालवणी बोलतो, नेपाळी खलाशांशी हिंदी, कचेरीत शुद्ध मराठी. आणि दवाखाना म्हणजे कचेरीच. म्हणून आजाऱ्याला ज्या भाषेत कधी कुणी हाक मारली नाही त्या भाषेत सगळे त्याला ‘बोला, बोला’ करतात. आमच्याकडच्या एका ख्रिस्ती घरातला मुलगा माझ्याकडे आणला होता. चार वर्षांचा, तोंडातून अक्षर नाही. शाळेनं सांगितलेलं, घरात फक्त इंग्रजी बोला. बापाला जेमतेम येत होतं, आईला बापापेक्षा कमी, आणि कोकणीशिवाय काही न येणाऱ्या आजीनं तर तोंडच मिटून घेतलं होतं. एवढं भरलेलं घर मठासारखं शांत! मी म्हटलं, आजीला बोलू द्या. आजी अशी सुटली की पंधरवड्यात पोरगं कोकणीत भांडायला लागलं. मग ते कुटुंब आखातात गेलं. तिकडे आजी नव्हती. पुढचं मला कळलं नाही. कळेल तेवढंच आपलं म्हणायचं, बाकीचं एसटीच्या खिडकीतून मागे पडतं.

तर बाबल गावकर. त्यांचं दुखणं मी वहिनींना असं समजावलं: “होडी लागलेली आहे, मासळी काठोकाठ आहे, लिलावाला माणसंही जमलीत. फक्त होडीतून टोपली उतरवून किनाऱ्यावर आणणारा माणूस हरवलाय. मासळी गेलेली नाही. त्यांना सगळं कळतं.”

वहिनी म्हणाल्या, “मग हाक मारून बघते त्या माणसाला,” आणि परत ओरडल्या.

मी चित्रांची कार्डं काढली. ही कार्डं कुठल्या तरी मोठ्या शहरात बसून कुणीतरी काढलेली. सफरचंद, पेंग्विन, लिफ्ट. बाबलनी सफरचंद बाजूला सारलं, पेंग्विनकडे दयेनं पाहिलं. मग माशाचं कार्ड आलं आणि आजारी पडल्यापासून पहिल्यांदा हा माणूस हसला. मीही नीट पाहिलं. शेपटी एका जातीची, तोंड दुसरीचं, कल्ला नको तिथे, आणि रंग असा की असला मासा जाळ्यात आला तर तांडेल होडी सोडून पळेल. “मासा म्हणा, मासा!” वहिनींचा धोशा. ते मानेनं नाही नाही म्हणत होते. आता माझ्या चाचणीप्रमाणे ही चूक. खरं तर सबंध खोलीत तेवढं एकच उत्तर बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून खराखुरा बांगडा आणून टेबलावर ठेवला. मासळी बाजारातली निम्मी मांजरं जिना चढून आली. बाबलनी बांगड्याकडे पाहिलं, डाव्या हातानं त्याचं पोट दाबलं, ओठ मिटले.

“बां… बांग… बांगडो.”

“बांगडा!” वहिनी ओरडल्या. “बांगडा म्हणा, दवाखान्यात आहोत ना आपण!”

मी त्यांना हात जोडले. “वहिनी, आजपासून ह्या खोलीत मालवणी. आणि तुम्ही तोंडात सुपारी धरायची.”

“सुपारी मी खाणंय नाय.”

“खाऊ नका. धरा.”

असे आम्ही रुतत रुतत चाललो. बांगडो, पेज, चा, ऊन. जे हातात धरता येतं ते कधी यायचं, कधी नाही. कालचं आज यायचं नाही. ही दमणूक कुणाला सांगून कळत नाही. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं ते लांबलचक जाळं, ओढताना निदान दोर तरी हातात पुढे येतो.

एक दिवस दोघांना घेऊन दाजी आला. उंच, बोलका, खिशाला पेन. खुर्चीत बसायच्या आत सुरू. “दादाक आता बरा आसा. दादाक आता जत्रेचो तरास नको. दादाच्या मनात आसा की मीच घालूचा.” दादाच्या मनातलं सगळं दाजीच्या तोंडात. बाबल ऐकत होते. त्यांचा चेहरा हळूहळू लाल झाला, मिशी थरथरली आणि माडीचे वासे हलतील अशा आवाजात, एकही अक्षर न चुकता, ते म्हणाले,

“गप ऱ्हव, फटकेच्या!”

दाजी खुर्चीतून उडाला. खालून वसंता ओरडला, “बाय, गुण इलो!”

गुण बिण काही नाही. आमच्या धंद्यातली ही जुनी गंमत आहे. जे बोलणं जुळवून करायचं ते जातं. जे आयुष्यभर घासून गुळगुळीत झालेलं असतं ते राहतं: शिव्या, वारांची नावं, देवाचं म्हणणं. ते वेगळ्याच वाटेनं येतं. पाणी मागता न येणारी माणसं सबंध आरती म्हणून दाखवतात. मी उठले, भिंतीकडे हात जोडले आणि जमेल तेवढ्या मोठ्यानं म्हटलं, “व्हय म्हाराजा!”

बाबलनी माझ्याकडे पाहिलं. मग ते खुर्चीच्या हाताला धरून उठले.

“बा देवा म्हाराजा! आज ह्यो तुझो गाव, ल्हान-थोर, तुझ्या पायाकडे गोळा झालो आसा, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” मी, वहिनी आणि खालून वसंता.

“दर्यार गेल्लो दर्यावरना सुखान परत येवंदे, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” आता रस्त्यावरचा रिक्षावालाही.

मागण्यामागून मागणं येत गेलं. वहिनींची सुपारी गळून पडली, त्या रडत होत्या. दाजीसुद्धा हात जोडून उभा. आणि मग बाबल त्या जागी आले जिथे एका माणसाचं नाव घालायचं असतं. नारळ ठेवणाऱ्याचं नाव देवाला सांगायचं, त्याची अडचण सांगायची, मग पुढे जायचं. ही एवढीच जागा कोरी. दर वेळी नवं भरायचं.

“आज ह्या नारळ ठेयला हा ता… ता…”

संपलं. जबडा हलतोय, घाम. घासलेली वाट तिथे तुटत होती. आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत दाजीनं वहिनींकडे हात करून जागा भरली, “घरकरणीन, म्हाराजा!” आणि सगळ्यांनी व्हय म्हाराजा म्हटलं. बाबल खाली बसले. माझ्याकडे बघेनात.

घरी जाऊन वहिनींनी गावभर सांगितलं की हे बरे झाले. मी परोपरीनं सांगितलं की नाही झाले. पाठ केलेलं येतंय, त्या गाळलेल्या जागेत अडतायत. ऐकतंय कोण? दाजीला मात्र बरोबर कळलं होतं. “मी बाजूक उबो ऱ्हवतंय,” तो मला म्हणाला. “दादा अडलो की मी घालतंय. काय बिघाडता?”

“बिघडतं एवढंच,” मी म्हटलं, “की तुम्ही एकदा घातलंत की ते परत कधी घालणार नाहीत.”

मला दोन गोष्टी करायच्या होत्या. पहिली नावाची. पहिला नारळ गावकराच्या स्वतःच्या घरचा, घरातल्या बाईनं ठेवायचा, हा तिथला रिवाज. म्हणजे पहिलं नाव सुलोचना. मी म्हटलं, हे तर सोपं. जिच्याबरोबर संसार झाला तिचं नाव! वहिनींचा फोटो पुढे ठेवला. डाव्या हातानं टेबलावर ठेका धरायचा आणि म्हणायचं: सु-लो-च-ना. मी म्हणायचे, ते ओठ बघायचे. सु आलं. लो आलं. दोन्ही एकत्र येईनात. ह्या एका नावावर आम्ही जो घाम गाळला त्यात मिठागर उभं राहिलं असतं. वहिनी समोर बसून जमिनीकडे बघायच्या. लाजतात, असं मला वाटायचं.

दुसरी गोष्ट गावाची. मी देवळात सभा बोलावली. सगळ्यांना सांगितलं, “बाबलकाका अडले की कुणीही बोलायचं नाही. नाव सुचवायचं नाही, व्हय म्हाराजा म्हणायचं नाही, खोकायचंसुद्धा नाही. ते स्वतः मान हलवतील तेव्हाच.”

“किती येळ थांबूचा?” एकानं विचारलं.

“लागेल तितका.”

“आणि तवसर रात झाली तर?”

“तर होऊ दे.”

तालीम घेतली. बाबल अडल्याचं सोंग मीच केलं. अहो, आमचा गाव! वाऱ्यावादळात दर्यावर दिवस काढणारी ही माणसं, श्वासभर गप्प बसता येईना. एक शिंकला, दुसऱ्यानं त्याला दटावलं, तिसऱ्यानं दटावणाऱ्याला, आणि मागच्या म्हातारीनं सगळ्यांवर कळस केला, “बाये, देव थांबतलो, पण माझी चूल थांबाची नाय!” परत तालीम, परत. गाववाले मला पाहिल्यावर वाट बदलायला लागले. मीही अशी थकले की बसमध्ये कंडक्टरनं ‘कुठे जायचं’ विचारलं तर मी म्हणाले, “थांबा, गप्प बसा.”

जत्रेचा दिवस. सकाळपासून देऊळ फुललेलं. मुंबईकर आलेले, ओट्या, नारळ, हारांचे ढीग. बाबल धुवट धोतर नेसून देवापुढे उभे, दाजी त्यांच्या उजव्या बाजूला. मी खांबाला टेकून.

“बा देवा म्हाराजा!”

आवाज तोच होता. गाव गरजत होता, मागणं पुढे चाललं होतं, आणि मग सुलोचनावहिनी पुढे आल्या, त्यांनी नारळ ठेवला आणि खाली मान घालून उभ्या राहिल्या.

“आज ह्या नारळ ठेयला हा ता… ता…”

थांबले.

देऊळ गप्प झालं. त्या शांततेत समुद्र उठून आत येऊन बसला असं मला वाटलं. बाबलचा डावा हात मांडीवर ठेका धरत होता. सु, दिसत होतं मला, ओठांवर सु येत होतं, जात होतं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. तेवढ्यात एक रापण ओढून, मासळी वाटून, जाळं वाळत घालून झालं असतं. मागून कुणीतरी मुंबईकर कुजबुजला, “अरे, सांगा ना कुणीतरी त्यांना…” आणि दाजी गर्रकन वळला. मी डोळे मिटले. आता हा घालतो.

“गप ऱ्हव, फटकेच्या!” दाजी त्या मुंबईकरावर खेकसला. परत देवाकडे वळून हात जोडून उभा राहिला.

बाबलनी डावा हात उचलला. वहिनींच्या खांद्यावर ठेवला. घाम मिशीतून गळत होता.

“ह्या… ह्या… कायत्याची…” आणि वाट परत सापडली, “राखण कर, म्हाराजा!”

आणि त्यांनी मान हलवली.

कायत्याची! मग सगळ्यात आधी, सगळ्यात मोठ्यानं दाजी ओरडला, “व्हय म्हाराजा!” आणि गावानं असा व्हय म्हाराजा दिला की कळसावरचे पारवे गोव्यात जाऊन बसले. पुढच्या नारळाला उभी होती तीच चूलवाली म्हातारी. तिला थांबणं नकोच होतं. बाबल ‘ता… ता…’ म्हणेपर्यंत तिनं स्वतःच आपलं नाव, सुनेचं नाव आणि सुनेची सगळी लक्षणं देवाला सांगून टाकली. बाबलनी मान हलवून पुढचं मागणं घातलं. तिच्यामागचा तेच करायला लागला. शेवटच्या नारळापर्यंत प्रत्येकानं आपलं आपलं सांगितलं आणि बाबलनी ते देवाला पोचवलं. पुढच्या वर्षीचं कुणी काढलं नाही. दाजीनं पुजाऱ्याला गंधाचा टिळा आधी दादाला लावायला लावला, तेवढ्यात ते ठरलं.

सगळे प्रसादाला वळले. मी मात्र खांबाजवळच बसून होते. आमच्या चाचणीच्या हिशेबानं मी सपशेल नापास. एवढे दिवस, एवढा ठेका, आणि आलं काय तर कायता. वहिनी ओटीचं ताट घेऊन माझ्यापाशी आल्या. बाबल पायरीवर बसून चहा पीत होते, बशीतून, डाव्या हातानं. मला वाटलं, वहिनींची समजूत घालावी.

“वहिनी,” मी म्हटलं, “तुमचं नाव काही शेवटपर्यंत आलं नाही हो त्यांच्या तोंडात.”

वहिनींनी ताटातला नारळाचा तुकडा माझ्या हातावर ठेवला.

“आदी तरी खंय घेतल्यानी हुता?”